गणपतीत मॉरिशसला जाताय? तारखा तीन-चार दिवस पुढे ढकला

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब, नवरा-बायको आणि सासू-सासरे, 2026 च्या सप्टेंबरात सात रात्रींसाठी मॉरिशसला निघालं आहे. एजंटने 5 ते 12 या तारखा दिल्या आहेत, कारण 14 ला गणेश चतुर्थी आणि सासऱ्यांना गणपतीत देशाबाहेर असणं पटत नाही. घरचा गणपती बसतो मात्र मोठ्या दिरांकडे. पॅकेजमध्ये हॉटेलातली एक ‘सेगा नाइट’ (सेगा म्हणजे तिथला लोकनाच), उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रां बेच्या क्लबमध्ये एक रात्र आणि कसिनोत एक संध्याकाळ. प्रश्न पाठवणाऱ्या ताई, या घरच्या सूनबाई, विचारतात, एवढ्यातून तिथले सण, तिथली माणसं, तिथली रात्र कळेल का? आणि सत्तरीच्या सासू-सासऱ्यांना घेऊन रात्री बाहेर पडावं का?

मी एकोणीस वर्षं मराठी मंडळींचे गट मॉरिशसला नेते आहे. त्या अनुभवावरून आधी तारखांचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. 5 ते 12 ऐवजी 8 ते 16 करा. एक रात्र वाढेल, तिचा खर्च होईल, पण कसिनोची संध्याकाळ आणि क्लबचं पॅकेज काढून टाकलंत तर बराचसा भरून निघेल. घरचा गणपती तुमच्याच देव्हाऱ्यात बसत असता तर मी हे सुचवलंच नसतं. पण तो दिरांकडे आहे, आणि सासरेबुवांना एक गोष्ट बहुधा कुणी सांगितलेली नाही: मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची देशभर सरकारी सुट्टी असते. आणि ती सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. 2024 मध्ये आपल्याकडे 7 सप्टेंबरला गणपती बसले, तिथली सुट्टी 8 ला होती. 2025 मध्ये 27 ऑगस्टला बसले, सुट्टी 28 ला. कोकणातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. तो दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाचा दिवस आहे. हिंदी महासागरातल्या एका देशाने आपलं सरकारी कॅलेंडर दीड दिवसाच्या गणपतीला जुळवून घेतलं आहे. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा हॉटेलच्या लॉबीत उभी होते आणि मला एकदम आजोळची, गुहागरची आठवण आली.

ही माणसं तिथे गेली कशी, हे जाण्याआधी सासऱ्यांना जरूर सांगा. इंग्रजांनी 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, आणि त्याच सुमाराला उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ते हिंदुस्थानातून करारावर नेले गेले. 2 नोव्हेंबर 1834 ला कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाजाने 36 जण पोचले. पुढच्या दशकांत हा आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला. बहुसंख्य लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू मुलुखातले. मुंबई बंदरातून गेलेले थोडे, आणि त्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतली आपली माणसं. राजधानी पोर्ट लुईसच्या बंदरात आप्रवासी घाट आहे, युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारसा ठरवलेला. तिथल्या दगडी पायऱ्या चढून हे लोक आत गेले. तिथे अर्धा तास तरी शांत उभं राहा. गटातल्या कितीतरी बायकांना मी तिथे चपला काढताना पाहिलं आहे, कुणी सांगितलेलं नसताना.

नोंद करणाऱ्या कारकुनांना वडिलांचं नाव, गाव, आडनाव हा आपला हिशेब कळत नव्हता. त्यामुळे मजुराचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात. आज तिथे कुणाचं आडनाव सखाराम असतं, कुणाचं रामजी, कुणाचं भिवाजी. घरात बोलतात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. मराठी ते शाळेत शिकतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढे अभ्यासतात, दरवर्षी मराठी नाटकांच्या स्पर्धेत ती रंगमंचावर बोलतात. पण भाजीवाल्याशी, नातवाशी, बायकोशी बोलताना क्रेओलच. म्हणून तुम्ही गेल्या गेल्या “अहो, तुम्ही मराठी ना, मग मराठीत बोला की” असं कुणालाही म्हणू नका. मी हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडलेलाही पाहिला आहे. दोनशे वर्षांच्या आसपास, समुद्राच्या पलीकडे, लोकसंख्येतल्या दोन टक्के लोकांनी जे टिकवलंय ते आपण परीक्षा घ्यायच्या थाटात तपासू नये. तुम्ही “की मान्येर?” म्हणा, म्हणजे कसं काय. ते “कोरेक” म्हणतील, म्हणजे उत्तम. मग पाच मिनिटांत तेच एखादा मराठी शब्द काढतील.

आता गणपतीच्या दोन दिवसांचं. तिथला सार्वजनिक उत्सव हेन्रिएटा नावाच्या गावात 1896 मध्ये सुरू झाला असं मानतात. आज गणपती फक्त मराठी घरांत बसत नाही, तिथल्या इतर हिंदूंनीही तो आपला केला आहे. तरी तुम्ही पश्चिमेला, कास्कावेलकडे जा. मराठी वस्तीचं जुनं गाव, विठ्ठलाचं देऊळ आहे. चतुर्थीच्या संध्याकाळी देवळात किंवा मंडळात आरतीला जाता येतं, आमंत्रण लागत नाही. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सुरू झालं की उच्चार थोडे वेगळे ऐकू येतील, ‘र’ घशातून येईल, चाल मात्र तीच. सासूबाईंना पुढे बसवा. मराठी येणारी ज्येष्ठ बाई समोर बसली आहे म्हटल्यावर तिथल्या आज्या त्यांना सोडत नाहीत. उपवास आणि मांसाहार वर्ज्य असण्याला तिथे ‘कारेम’ म्हणतात. शब्द ख्रिश्चनांच्या उपवासकाळाचा, तिथले हिंदूही सहज वापरतात. त्या दिवसांत जेवण केळीच्या पानावर मिळेल, पूर्ण शाकाहारी, त्यामुळे ती चिंता नको.

आरतीनंतर थांबा. निघू नका. लहान मुलांची भाषणं होतील, मंडळाच्या अध्यक्षांचं होईल, कदाचित एखाद्या मंत्र्याचंही होईल, आणि मग झाकरी सुरू होईल. आपली जाखडी. रत्नागिरीकडे ज्याला बाल्या नाच म्हणतात तोच. मध्ये ढोलकी आणि झांज, भोवती गोल, पायात घुंगरू, एका पायावर तोल सांभाळत वळायची तीच लकब. कोकणात गणपतीत घरोघरी नाचतात, तिथेही गणपतीतच नाचतात. गाण्यातले काही शब्द आता नाचणाऱ्यांनाही नीट उलगडत नाहीत, पाठांतराने आले आहेत. पायाला मात्र सगळं आठवतं. संगमेश्वरच्या एक काकू एका वर्षी माझ्या गटात होत्या. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं, मग पदर खोचला आणि गोलात शिरल्या. एका ठेक्याला त्या आणि समोरची तिथली बाई एकाच वेळी वळल्या. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. माझ्या कामातली ती सगळ्यात मोठी रात्र होती असं मी मानते, आणि तिचं तिकीट कुठल्याही पॅकेजात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दुपारनंतर मिरवणुका निघतात. बांबू आणि कागदाची सजावट केलेले गणपती खांद्यावर घेऊन लोक नदीकडे नाहीतर समुद्राकडे चालतात. कास्कावेलच्या बाजूचे फ्लिक अँ फ्लाकच्या किनाऱ्यावर येतात. सप्टेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तोही याच बाजूला, समुद्रात. डीजेच्या भिंती नसतात, ढोलकी-झांज असते, “मोरया” आणि “पुढच्या वर्षी लवकर या” असतं. तुम्ही राहायला फ्लिक अँ फ्लाकलाच असाल तर खोलीपासून चालत किनाऱ्यावर जाल. म्हणून हॉटेल उत्तरेला ग्रां बेला न घेता निदान शेवटच्या चार रात्री पश्चिमेला घ्या. फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही, पण पाण्यात उतरलेल्या कुटुंबाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. एखादी बाई रडत असते. आपल्याकडेही असते.

8 तारीख मी दुसऱ्या एका कारणासाठी धरली आहे. 8 सप्टेंबरच्या रात्री मॉरिशसमधली सगळ्यात मोठी ख्रिस्ती यात्रा असते, पेर लावालची. जाक-देझिरे लावाल हे मूळचे फ्रान्समधले डॉक्टर, मग धर्मगुरू झाले. 1841 मध्ये बेटावर आले ते नुकत्याच मोकळ्या झालेल्या गुलामांमध्ये काम करायला. त्या लोकांना तेव्हा चर्चमध्येही मागे उभं राहावं लागे. 9 सप्टेंबर 1864 ला ते वारले. पोर्ट लुईसच्या सेंत क्रुआ भागात त्यांची समाधी आहे. 8 च्या संध्याकाळपासून बेटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून लोक चालत निघतात आणि रात्रभर रांग लागते. क्रेओल ख्रिश्चन, म्हणजे त्या गुलामांचे वंशज, तर असतातच, हिंदू असतात, मुसलमान असतात, चिनी असतात. हातात मेणबत्ती आणि फुलं. रस्त्याकडेला पाणी, चहा, खाणं. वारीची सवय असलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. तुमच्या सासऱ्यांनी वारी केली असेल तर ही रात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. फार चालायचं नको. गाडी लांब उभी करावी लागते, तेवढं एक-दीड किलोमीटर चाला, समाधीवर हात ठेवा, बाहेर बसून लोक बघा आणि अकराच्या आत परत या.

मधले दिवस फिरण्याचे. 11 आणि 12 हे शुक्रवार-शनिवार, म्हणजे ग्रां बेला जायचं असेल तर या दोनपैकी एक रात्र. तुम्ही नाइटलाइफचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. बेटावर रात्री जागणाऱ्या जागा थोड्याच. राजधानी पोर्ट लुईस संध्याकाळी सहानंतर रिकामी होते, बंदरावरचा कोदां वॉटरफ्रंट सोडला तर. हॉटेलं आपापल्या कुंपणात असतात. खरी गजबज ग्रां बेच्या किनारी रस्त्यावर, त्याखालोखाल फ्लिक अँ फ्लाकला, आणि तीही शुक्रवारी-शनिवारी. मंगळवारी जाल तर खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या दिसतील. क्लब अकरानंतर उघडे म्हणायचे, भरतात एक वाजता. म्हणून नऊला बस भरून नेणारं पॅकेज घेऊच नका. एका वर्षी माझ्या गटाला रिकाम्या हॉलमध्ये दोन तास बसवलं गेलं, आणि निघताना कळलं की प्रत्येकाने अमुक इतक्या रकमेचं पेय घेणं सक्तीचं होतं. तेव्हापासून मी तरुण जोडप्यांना एवढंच सांगते: सासू-सासऱ्यांना हॉटेलवर निजू द्या, तुम्ही दोघं टॅक्सीने जा, परतीचं भाडं आणि वेळ जाण्याआधीच ठरवा. तिथे टॅक्सी मीटरवर धावत नाही. खेड्यांकडच्या बस संध्याकाळी सात-आठच्या पुढे मिळत नाहीत. भाड्याची गाडी घेतली असेल तर चालवणाऱ्याने घोटभरही घेऊ नये, कायदा कडक आहे आणि रस्ते उसाच्या मळ्यांतून जाणारे, अरुंद, अंधारे. आणि किनाऱ्यावर कुणी काही ओढायला देऊ केलं तर सरळ चालू पडा. कृत्रिम अमली पदार्थांनी या बेटावरची कितीतरी तरुण मुलं पोखरली आहेत. ज्या आयांची ती मुलं आहेत त्यांच्याशी मी बोलले आहे, म्हणून हे नुसतं नियमाचं सांगत नाही. कसिनोचं म्हणाल तर तो कुठल्याही देशातल्या कसिनोसारखा आहे, वगळा.

सेगाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण पॅकेजमधल्या ‘सेगा नाइट’मुळे लोकांना वाटतं की रंगीत घेरदार घागऱ्यातला नाच म्हणजे सेगा. हॉटेलातले कलाकार मेहनती असतात आणि त्यांचं पोट त्यावर आहे, तेव्हा तो कार्यक्रम जरूर बघा, टाळ्या द्या. पण सेगा जन्मला तो मळ्यांवरच्या गुलामांमध्ये. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेली माणसं, एकमेकांच्या भाषा वेगळ्या, दिवसभर ऊस. रात्री समुद्राकाठी शेकोटी आणि तीन वाद्यं. राव्हान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य, माराव्हान म्हणजे आत बिया भरलेली, हलवून वाजवायची चपटी पेटी, आणि लोखंडी त्रिकोण. राव्हान आधी आगीवर शेकतात, कातडं तापून ताणलं गेलं की मग वाजवतात. दमट हवेत ते सैल पडतं, की पुन्हा शेकोटीकडे. गाणं मध्ये थांबतं ते यासाठी. आपल्या संबळ-हलगीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

नाचाचा एक नियम बघून ठेवा. पाय जमिनीवरून उचलत नाहीत, घसटतात. गुडघे वाकतात, कंबर हलते, जोडीदार अगदी जवळ येतो पण स्पर्श करत नाही. मग कुणीतरी ओरडतं, “आंबा, आंबा!” माझ्या गटातले लोक पहिल्यांदा ऐकतात तेव्हा हात जोडायला बघतात, अंबाबाईचा गजर वाटतो. क्रेओलमध्ये त्याचा अर्थ ‘खाली, खाली’. नाचणारे गुडघ्यात वाकत वाकत जवळजवळ वाळूला टेकतात. या मूळ रूपाला ‘सेगा तिपिक’ म्हणतात, आणि युनेस्कोने 2014 मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्यांनी ते जपलं त्यांत ‘ती फ्रेर’ या गायकाचं नाव पहिलं घेतात. जन्म 1900, मृत्यू 1992, आयुष्यभर साधे राहिलेले. पुढे काया नावाच्या गायकाने सेगा आणि रेगे मिसळून ‘सेगे’ उभा केला. 21 फेब्रुवारी 1999 ला तो पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटलं होतं. क्रेओल समाज आजही त्याचं नाव हळू आवाजात घेतो. नैऋत्येला ल मॉर्नचा डोंगर बघायला जाल तेव्हा हे सगळं डोक्यात असू द्या. पळालेले गुलाम त्या कड्यांच्या आधाराने लपत. तो डोंगर 2008 पासून जागतिक वारसा आहे. पॅकेजवाले तिथे फक्त ‘सुंदर बीच’ दाखवतात.

मग खरा सेगा कुठे? 13 तारीख रविवार आहे. त्या दिवशी कुठलंही तिकीट काढू नका. सार्वजनिक किनाऱ्यावर जा, फ्लिक अँ फ्लाक किंवा उत्तरेला मों श्वाझी. सकाळपासून भाड्याच्या बसमधून पूर्ण खानदानं उतरतात. बिर्याणीची पातेली, चटया, तंबू, आजोबांची खुर्ची, क्रिकेटपेक्षा जास्त फुटबॉल, आणि दुपार कलली की कुणाच्या तरी गाडीतून राव्हान निघतं. सुरूच्या झाडांखाली शेकोटी पेटते. ही तिथल्या सामान्य माणसाची करमणूक, आठवड्याची, बिनपैशाची. जवळ जाऊन हसून उभे राहा, जागा करून देतात. सासूबाईंनी नाचायलाच हवं असं नाही, टाळी पुरते.

आणि तिथेच खाऊन घ्या. दोल पुरी मागा. हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. नेहमी दोन एकावर एक ठेवून, आत घेवड्याची रस्सा भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी घालून गुंडाळून देतात. बिहारी मजुरांची ही पुरी आता त्या देशाचं रस्त्यावरचं राष्ट्रीय अन्न आहे, कुठल्याही धर्माचा माणूस हातात कागद धरून उभ्याने खाताना दिसेल. गातो पीमां म्हणजे डाळीचे, मिरचीचे छोटे वडे, पावात घालून खातात, आपल्याला सवयीचंच. ‘फराता’ म्हणजे पराठा. ‘आलुदा’ म्हणजे सब्जाचं थंडगार दूध, फालुद्याचा भाऊ.

बायकांच्या रात्रीबद्दल एक सांगते, कारण ती पर्यटकांना सहसा माहीतच नसते. भोजपुरी घरांत लग्नाच्या आधी ‘गीत गवई’ होते. अंगणात बायका जमतात, आधी धरतीची पूजा, मग ढोलक, तांब्यावर चमचा, आणि गाणी: देवाची, विरहाची, मग व्याह्यांना चिडवणारी, मग तुफान नाच. युनेस्कोच्या यादीत हेही 2016 पासून आहे. तिथे लग्नघरच्या गाण्याबजावण्याच्या रात्रीला ‘गामात’ म्हणतात, आणि तमाशाला ‘गंमत’ म्हणणाऱ्या मुलुखातल्या माणसाचे कान तो शब्द ऐकून टवकारतातच. हे बघायचं तर कुणाच्या तरी घरचं आमंत्रण हवं. ड्रायव्हरला विचारा. मॉरिशसचा ड्रायव्हर हा एखाद्याचा मामा नाहीतर आत्येभाऊ असतोच, आणि शनिवारी कुठेतरी लग्न असतंच. जाताना मिठाईचा डबा न्या, साडी नेसा.

सप्टेंबरातल्या या तारखा जमल्याच नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात जावं लागलं, तर? मग महाशिवरात्र निवडा, पण तयारीने. ग्रां बासँ नावाचं विवरातलं तळं आहे, हिंदू त्याला गंगा तलाव म्हणतात. 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी घातलं गेलं. काठावर 33 मीटर उंच शंकर उभा आहे. त्या आठवड्यात लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर सजवलेली कावड घेऊन, गावागावांतून चालत तिथे येतात, काही जण दोन-तीन दिवस चालतात. कावडी फार उंच होऊ लागल्या, विजेच्या तारांना लागून जीव गेले, म्हणून आता उंचीवर बंधनं आहेत. एका वर्षी माझी बस तळ्याच्या अलीकडे पाच तास अडकली. हॉटेलचं जेवण हुकलं, गटात मधुमेहाचे दोघे. रस्त्याकडेला मांडव घातलेल्या एका कुटुंबाने तीस जणांना बसवून वाढलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. म्हणून त्या दिवशी गाडीने जाऊ नये. आठवडाभर आधी तळं बघून घ्यावं आणि मुख्य रात्री आपल्या हॉटेलजवळच्या रस्त्यावर उभं राहून चालणाऱ्यांना पाणी द्यावं. दिवाळीत त्रियोलेसारख्या गावांतली रोषणाई आणि ‘गातो पातात’, म्हणजे रताळ्याच्या पारीत ओलं खोबरं आणि वेलची भरून तळलेली करंजी. जानेवारी-फेब्रुवारीत तमिळांची कावडी, दहा दिवसांचं व्रत, गालातून-जिभेतून चांदीच्या सुया. काहींना बघवत नाही, लहान मुलं असतील तर विचार करा. चिनी नववर्षाला पोर्ट लुईसच्या चायनाटाउनमध्ये फटाके आणि सिंहाचा नाच. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला की सगळं बंद, तुम्हीही खोलीतच.

सप्टेंबरला परत येते. तेव्हा तिथे हिवाळा सरत असतो, संध्याकाळी वारा गार, सासूबाईंसाठी शाल हवीच. दूर्वा, जास्वंद, नारळ, कुठलंही रोप किंवा बी बॅगेत भरू नका, परवान्याशिवाय नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. तिथे सगळं मिळतं. मात्र मोठ्या अक्षरांतली आरतीसंग्रहाची पाच-सहा पुस्तकं आणि मुलांसाठी चित्रांची मराठी पुस्तकं जरूर न्या, देवळात द्या. पाकिटातून पैसे काढून कुणाच्या हातात ठेवू नका, त्यांना अपमान वाटतो आणि तो रास्त आहे.

मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं, आणि घड्याळ आपल्यामागे दीड तास. 8 तारखेला दुपारपर्यंत उतराल असंच तिकीट काढा, म्हणजे सेंत क्रुआला निघण्याआधी ज्येष्ठांना दोन-तीन तास आडवं होता येईल.